प्लास्टिकवाल्याने प्लास्टिक काढून अॅल्युमिनियम बसवलं त्याची गोष्ट

आधीच सांगून टाकतो, मी भोसरीत प्लास्टिक मोल्डिंगच्या कंपनीत टूलरूमला आहे, पंधरा वर्षं झाली, ग्लास फिल्ड नायलॉनचे, म्हणजे काचेचे तंतू मिसळलेल्या प्लास्टिकचे, पार्ट काढणं हेच पोटापाण्याचं काम. त्यामुळे गाडीतलं काही तुटलं की "प्लास्टिक हो, दुसरं काय होणार" म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी मी कायम भांडत आलोय. आणि आता माझ्याच गाडीतलं प्लास्टिकचं ऑईल फिल्टर हाउसिंग (फिल्टर ज्यात बसतो ते भांडं) काढून मी अॅल्युमिनियमचं बसवलंय. ऑफिसात कळल्यापासून रोज चहाला हाक मारतात ती एवढ्यासाठीच.

गाडी इंपोर्टेड आहे, व्ही६ पेट्रोल, २०१७ चं मॉडेल, सेकंडहँड घेतलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, मला कुणाशी भांडायचं नाहीये. मायलेज विचारू नका.

सुरुवात झाली पार्किंगमधल्या डागापासून. कोथरूडची जुनी सोसायटी, पार्किंगला शहाबादी फरशी, तिच्यावर आधी पाच रुपयाच्या नाण्याएवढा डाग, मग चपातीएवढा. मी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आणून खाली टाकला आणि विषय संपला असं समजून आठवडा काढला. पण आमचे सेक्रेटरी काका असले विषय संपू देत नाहीत. एका सकाळी माझ्या पिलरला कागद चिकटवलेला, ठळक अक्षरात: "पार्किंगमध्ये ऑईल सांडणाऱ्यांनी फरशी स्वतः घासून द्यावी. सोसायटी हे गॅरेज नव्हे." नाव कुणाचंच नाही, पण पिलर माझाच.

सिंहगड रोडच्या एका गॅरेजमध्ये नेली. त्यांनी गाडी वर घेतली, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर बोट फिरवलं, बोट काळं झालं, निदान पक्कं. "क्रँकचं मागचं सील गेलंय साहेब, गिअरबॉक्स खाली उतरवायला लागणार, चार-पाच दिवस धरून चाला, पासष्ट हजारांपर्यंत जाईल." हे सील म्हणजे इंजिनचा फिरता दांडा गिअरबॉक्सकडे बाहेर येतो तिथलं ऑईल अडवणारं कडं. दुसऱ्या ठिकाणी नेली, तिथेही तेच सील, फक्त आकडा वेगळा. दोघंही खालून बघत होते आणि खालून बघितलं तर खरंच तसंच दिसत होतं, म्हणजे त्यांना खोटारडे म्हणण्यात अर्थ नाही.

मला खटकलं ते कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी. बाटलीतली लेव्हल महिन्याभरात अर्ध्या बोटाने खाली आली होती, आणि पुठ्ठ्यावरच्या डागाला जरासा गोडसर वास येत होता, कुलंटमधल्या ग्लायकॉलचा येतो तसा. आता क्रँकचं मागचं सील ऑईल सोडेल, मान्य, पण त्याचा नि कुलंटचा काही संबंधच नाही. म्हणजे जिथे ऑईल आणि कुलंट शेजारी शेजारी राहतात अशी जागा शोधायला पाहिजे, आणि या इंजिनात तशी जागा म्हणजे ऑईल फिल्टरचं हाउसिंग, त्याच्याच अंगाला ऑईल कूलर बसवलेला असतो. ऑईल आणि कुलंट दोन्ही त्याच एका तुकड्यातनं फिरतात.

ज्यांना व्ही६ माहिती नाही त्यांच्यासाठी: तीन-तीन सिलिंडरच्या दोन रांगा तिरक्या उभ्या, आणि दोघींच्या मध्ये दरी. त्या दरीत हे हाउसिंग बसलेलं, आणि डोक्यावर इनटेक मॅनिफोल्डचं, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाईपांचं, भलंमोठं छप्पर. वरून बॉनेट उघडलं तर फिल्टरचं काळं झाकण तेवढं दिसतं, बाकी काही नाही. हाउसिंग गळायला लागलं की ऑईल आधी दरीत साठतं, दरी भरली की मागच्या बाजूने ओसंडून बरोब्बर गिअरबॉक्सच्या तोंडावर पडतं. म्हणून खालून बघणाऱ्याला मागचं सीलच दिसतं.

हे सगळं मी ठामपणे आत्ता लिहितोय, तेव्हा नुसता संशय होता. म्हणून मोबाईलला लावायचा एंडोस्कोप कॅमेरा मागवला, अकराशे रुपयाचा, पेन्सिलीएवढा जाड, पुढे बारके दिवे. रविवारी सकाळी मॅनिफोल्डच्या मागच्या फटीतनं तो आत सोडला. दोन-तीन वेळा नुसत्या वायरीच दिसल्या. मग एकदम स्क्रीनवर दिवे उलटे चमकले, मला आधी कळेना काय आहे, आणि मग लक्षात आलं की कॅमेऱ्याचेच दिवे खालच्या ऑईलमध्ये दिसतायत. बशीत ओतलेल्या चहासारखं तळं. बायको गॅलरीतनं विचारत होती नाश्त्याला वर येणार का, आणि मी पार्किंगमध्ये एकटाच "सापडलं!" म्हणून ओरडलो, वॉचमन बघायला आला.

पार्ट शोधायचा भाग थोडक्यात उरकतो. डीलरकडे तोच प्लास्टिकचा पार्ट, अठ्ठावन्न हजार आणि सहा आठवडे थांबा. नाना पेठेत अर्धा दिवस फिरलो, एका दुकानदाराने मोबाईलमधला फोटो झूम करकरून बघितला आणि विचारलं, "साहेब, गाडीचंच आहे ना, का विमानाचं?" शेवटी अमेरिकेत अॅल्युमिनियमचं आफ्टरमार्केट हाउसिंग मिळतं असं कळलं, कूलर आणि सगळ्या ओरिंगांसकट (गळती अडवणारी रबरी कडी). मावसभाऊ न्यू जर्सीला असतो, तो गणपतीआधी येणारच होता, त्याच्या बॅगेत आलं, डीलरच्या निम्म्याहून कमी पैशात. मावशी मात्र अजून म्हणते की या लोखंडापायी यंदा चॉकलेटं कमी आली. लोखंड नाही गं, अॅल्युमिनियम.

पार्ट हातात आल्यावर मी जे केलं ते सवयीने केलं, पण ते केलं नसतं तर आज वेगळंच काही लिहीत बसलो असतो. सरळ कंपनीत नेला, सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट केलेल्या लादीवर, पालथा ठेवला आणि ०.०५ मिलीमीटरची फिलर गेज, म्हणजे फट तपासायची पातळ पट्टी, चहूबाजूंनी घालून बघितली, कुठे शिरेना, म्हणजे बसायची बाजू सपाट आहे. मग ऑईलच्या वाटा रॉकेलने धुतल्या आणि हवा मारली. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा उलट्या बाजूने हवा मारली तर खालच्या पांढऱ्या फडक्यावर टिच् करून काहीतरी पडलं, तांदळाच्या कणीएवढी अॅल्युमिनियमची चिप, मशीनिंगची राहिलेली, चकचकीत. ती होती कुठे तर फिल्टरमधनं साफ होऊन ऑईल पुढे इंजिनात जातं त्या वाटेत, म्हणजे फिल्टरच्या पलीकडे. पुढे तिला अडवायला कुणीच नाही, सरळ बेअरिंगमध्ये. मी नंतर अजून चार वेळा धुतलं, काही निघालं नाही, तरी पाचव्यांदा धुतलंच. नवीन पार्ट खोक्यातून काढून थेट बसवणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

काम करायचं ठरलं नऱ्ह्यातल्या अण्णांकडे. अण्णा म्हणजे माझ्या जुन्या गाडीपासूनचे मेकॅनिक, वय साठीला आलेलं, हाताखाली एक पोरगा. त्यांनी हे इंजिन आधी कधी खोललेलं नव्हतं आणि तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं, म्हणूनच मी त्यांच्याकडे गेलो. म्हणाले, "तू पुस्तक वाच, मी पाना फिरवतो."

ऑगस्टमधला रविवार, बाहेर भुरभुर पाऊस. पंपाचा फ्यूज काढून गाडी बंद पडेपर्यंत चालवली, म्हणजे पेट्रोलच्या लाईनमधलं प्रेशर उतरतं. मग गार होऊ दिली, बॅटरीची निगेटिव्ह काढली, कुलंट खालच्या टबात उतरवलं, एअर फिल्टरचा पाईप, सेन्सरचे कनेक्टर, वरचं मॅनिफोल्ड. कनेक्टरचं एक लॉक तुटलंच, सात वर्षं उन्हात भाजलेलं होतं. अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्याकडचंच का हे?" खालचं मॅनिफोल्ड इंजेक्टर आणि फ्यूएल रेलसकट एकत्रच उचललं, वेगवेगळं करायच्या भानगडीत पडलो नाही, आणि हा निर्णय फार बरा होता.

मॅनिफोल्ड निघालं की इनटेकची सहा भोकं उघडी पडतात, थेट इंजिनच्या पोटात. त्यात पडलेला नट म्हणजे हेड खोलणं. म्हणून सहा स्वच्छ फडक्यांचे गोळे करून सहाच्या सहा बंद केली, आणि मी पोरग्याला मोठ्याने मोजायला लावलं. तो हसला पण मोजले त्याने.

आणि मग ती दरी समोर आली. ऑईल, त्यात थोडं कुलंट, वर सात वर्षांची धूळ आणि एक वाळकं पिंपळाचं पान, ते आत कुठून गेलं देव जाणे. मेडिकलमधून साठ एमएलची सिरिंज आणली होती, तिने ओढून ओढून काढलं, सात सिरिंजा भरल्या, म्हणजे चारशे एमएलच्या वर माल तिथे नुसता बसून होता. हाउसिंगचे बोल्ट काढले, कूलरसकट उचललं तर चिकटून बसलेलं, शेवटी अण्णांनी तळहाताने दोन थापट्या मारल्या तेव्हा सुटलं.

गंमत म्हणजे हातात घेऊन बघितलं तर क्रॅक कुठेच दिसेना. अण्णा म्हणाले ओरिंग गेली असेल, त्या बदलून जुनंच लावू. ओरिंगा चपट्या आणि कडक झाल्या होत्या हे खरं, पण मला पटेना. पेट्रोलने पुसून कोरडं केलं आणि पोरग्याला शेजारच्या दुकानातनं घामोळ्याची पावडर आणायला पाठवलं. पावडर भुरभुरली, फुंकर मारली, आणि पाच मिनिटं थांबलो. हळूहळू पांढऱ्यावर एक काळी रेघ उमटायला लागली, केसाएवढी बारीक, फिल्टरच्या वाटीच्या तळापासून निघून बोल्टच्या बॉसपर्यंत, म्हणजे बोल्ट बसतो त्या जाड भागापर्यंत, गेलेली. आतलं मुरलेलं ऑईल पावडरने ओढून घेतलं होतं. आम्ही तिघं जमिनीवर उकिडवे बसून त्या रेघेकडे बघत होतो, आणि मला एकदम वाईट वाटलं, कारण ती रेघ ओळखीची होती.

मोल्डमध्ये वितळलेलं प्लास्टिक भोकाभोवतीनं दोन्हीकडून वाहत येतं आणि पलीकडे एकमेकाला भेटतं, तिथे जी लाईन तयार होते तिला आम्ही वेल्ड लाईन म्हणतो. काचेचे तंतू ती लाईन ओलांडून पलीकडे जात नाहीत, त्यामुळे तिथे काच असून नसल्यासारखी आणि ताकद बाकीच्यापेक्षा बरीच कमी. पार्टच्या मागे लिहिलेलं होतं पीए६६-जीएफ३५, म्हणजे नायलॉन ६६ मध्ये ३५ टक्के काच, मटेरियल चांगलं आहे, आम्हीही वापरतो. पण रोज शंभरच्या वर तापायचं आणि रात्री गार व्हायचं, एका अंगाला गरम ऑईल आणि दुसऱ्या अंगाला गरम पाणी-ग्लायकॉल, त्या गरम पाण्याने नायलॉनच्या साखळ्या हळूहळू तुटतात, आणि वर दर सर्व्हिसला कुणीतरी झाकण मरणाचं आवळतो. झाकणावर ठसठशीत लिहिलंय २५ एनएम (न्यूटन-मीटर). म्हणजे पाव मीटरच्या दांड्यावर साधारण दहा किलोचा जोर, बस. आपल्याकडे पोरं अर्ध्या मीटरच्या दांड्यावर अंगाचं वजन टाकतात. तो पीळ सगळा वाटीत उतरतो आणि वाटी सगळ्यात कच्ची जिथे आहे तिथून उलते.

जोडणीत भांडणं दोन झाली. पहिलं सिलिकॉनवरून. अण्णांनी ट्यूब काढलीच होती, "थोडं लावू रे, मनाला बरं." मी म्हणलं अण्णा, ओरिंग आहे, तिला ताजं ऑईल चोळायचं आणि बसायची जागा कोरडी खडखडीत ठेवायची, सिलिकॉन दाबून आत गेलं आणि त्याचा तुकडा सुटला तर ऑईलच्या वाटेत जाऊन बसेल. त्यांना पटलं नाही पण ट्यूब ठेवली.

दुसरं टॉर्कवरून, म्हणजे बोल्ट किती जोराने पिळायचा यावरून, ते मोठं. हाउसिंगच्या बोल्टला मॅन्युअलमध्ये १२ एनएम दिलंय, म्हणजे काहीच नाही, मनगटाचा जोर. आणि बोल्ट जातात अॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये, आटे गेले तर रडायची वेळ. अण्णा म्हणाले तीस वर्षं हाताच्या अंदाजावर इंजिनं बांधली, एक गळालं नाही. म्हणून त्यांना हाताने आवळू दिलं आणि मग मी १२ वर लावलेला टॉर्क रेंच फिरवला, तेवढा जोर झाला की तो टक् करतो. दोन बोल्ट जरा फिरून टक् झाले, म्हणजे कमी होते. बाकीचे न हलताच टक्. अण्णा खूश, "बघ!" मी म्हणलं न हलता टक् म्हणजे बारा तरी आहे एवढंच, वीस आहे का पंचवीस ते हा सांगत नाही. आणि सगळे ढिले करून, क्रॉसमध्ये, दोन फेऱ्यांत परत आवळले. अण्णा एक शब्द न बोलता चहाला निघून गेले ते वीस मिनिटांनी आले, पण येताना माझ्यासाठी पण कटिंग घेऊन आले.

मॅनिफोल्ड बसवायच्या आधी फडकी काढली. पोरगा मोजत होता. पाच. मी म्हणलं परत मोज. पाच. भोकात टॉर्च मारून बघितलं, सगळी रिकामी दिसतायत, पण दिसणं आणि असणं यात फरक आहे ना, एंडोस्कोप काढला, एकेक भोकात व्हॉल्व्हपर्यंत घालून बघितलं, घाम फुटलेला, अण्णा पोरग्याला नको नको ते बोलून झाले. पंधरा मिनिटांनी तो पाणी प्यायला उठला तर त्याच्याच पॅन्टच्या मागच्या खिशातून फडक्याचं टोक लोंबतंय. पहिलंच काढलेलं फडकं हात पुसायला म्हणून घेतलेलं. त्याच्यावर कुणी ओरडलं नाही, तेवढी ताकदच उरली नव्हती.

खालचं मॅनिफोल्ड १२, वरचं ८, सगळं रेंचने, या वेळी अण्णांनी स्वतःच मागून घेतला. कुलंट भरलं, हीटर फुल करून हवा काढली. आणि स्टार्ट करायच्या आधी पंपाचा फ्यूज परत काढून पाच-पाच सेकंद तीनदा नुसता स्टार्टर मारला, कारण नवीन हाउसिंग कोरडं, नवीन फिल्टर कोरडा, ऑईल वर चढेपर्यंत इंजिन पेटू द्यायचं नव्हतं. मग फ्यूज लावून चावी फिरवली. टकटकटक असा वरून आवाज आला, तीन-चार सेकंद, आयुष्यातले सगळ्यात लांब, आणि बंद झाला. प्रेशरचा दिवा विझलेला. अण्णांनी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "गाते की छान."

खर्च: अण्णांनी मजुरी सात हजार घेतली, वर ऑईल, फिल्टर, कुलंट, पार्ट सगळं धरून डीलरच्या नुसत्या पार्टच्या आकड्याच्या आसपास आलो. आणि गिअरबॉक्स उतरवला असता तर मागचं सील बदलून, पासष्ट हजार देऊन, गाडी परत त्याच पिलरजवळ ठिबकत उभी राहिली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुठ्ठ्यावर थेंब. अक्षरशः पाय गळाले. एंडोस्कोप घातला तर दरी कोरडी, कालचे पुसल्याचे ओरखडे पण दिसतायत. तिसऱ्या दिवशी परत थेंब, जरा छोटा. गिअरबॉक्सच्या तोंडाच्या आत आणि वरच्या कोपऱ्यात जे जुनं ऑईल साठलं होतं ते गरम होऊन सावकाश उतरत होतं, आठ-नऊ दिवस चाललं ते. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर दोन रात्री झोप लागली असती. सेक्रेटरी काकांना समजावायला गेलो तर ते म्हणाले, "ठीक आहे, पण फरशीचं काय?" फरशी घासली, कॉस्टिक सोडा घालून, दोनदा, डाग अजून अंधुक आहेच. गणपतीला ताम्हिणीतनं गुहागरला जाऊन आलो, घाटात चांगली तापवली, पुठ्ठा कोरडा.

जुनं हाउसिंग कंपनीत बँडसॉवर त्या रेघेवरूनच उभं कापलं. मायक्रोस्कोपखाली काचेचे तंतू सगळे लाईनला समांतर झोपलेले, ओलांडणारा एकही नाही. आमच्या डिझाईनच्या पोराशी यावरून अजून वाद चालूय, तो म्हणतो प्लास्टिकची जागाच नाही ही, मी म्हणतो गेट, म्हणजे मोल्डमध्ये प्लास्टिक शिरायचं तोंड, दुसरीकडे दिला असता तर ही लाईन बोल्टच्या बॉसवर आलीच नसती आणि पार्ट अजून चालला असता. अर्थात गाडीत मात्र मी अॅल्युमिनियमच बसवलंय हे तो दर वेळी आठवण करून देतो.

एक राहिलं, नवीन हाउसिंगला झाकण आलंय ते प्लास्टिकचंच. त्याला २४ ची गोटी (सॉकेट) लागते, ती बोहरी आळीतनं माझी स्वतःची आणलीये, आणि परवा ऑईल चेंजला गेलो तेव्हा टॉर्क रेंचच्या पेटीसकट गेलो. झाकण मी लावलं, २५ वर. तिथला पोरगा म्हणाला, "काका, आम्ही लावलं असतं की." म्हणलं, माहितीये.